घरावर सोलर लावायचंय? मग छतावर जायच्या आधी लाईट बिल काढा

मी चंद्रपूरला राहतो. आमच्या छतावर उभं राहिलं की थर्मलच्या चिमण्या दिसतात, २९२० मेगावॅटचं कोळशावरचं वीजकेंद्र आहे हे, आणि महाराष्ट्रात कुठेही बटण दाबलं की त्यातली थोडी वीज आमच्या गावच्या कोळशाची असू शकते. त्याची राख मात्र सगळी आमच्याकडेच राहते. उन्हाळ्यात वाळत घातलेल्या कपड्यांवर ती बोटाला लागते. म्हणून माझ्यासाठी सोलर हा फक्त बिल वाचवायचा विषय नाही. एक युनिट वीज बनवायला आपल्याकडच्या कोळशाचा साधारण साडेसहाशे-सातशे ग्रॅम खर्च होतो, त्यात तीस-चाळीस टक्के राखच असते, आणि ३ किलोवॅटचं सोलर वर्षाला चार हजाराच्या आसपास युनिट देतं. गुणाकार केला तर एका घराच्या छतामुळे वर्षाला अडीच टनाहून जास्त कोळसा आणि जवळपास टनभर राख कमी. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी तोच हिशोब दोनदा करून बघितला होता.

आमचं ३ किलोवॅटचं आहे. तेव्हापासून ओळखीतले बरेच जण विचारतात की कसं करायचं, कुठून सुरू करायचं, किती पैसे लागतात, आणि प्रत्येकाला मी तेच तेच सांगतो, तर आता एकदाच नीट लिहून ठेवतोय. अगदी नवीन माणसाला समोर ठेवून लिहिलंय, त्यामुळे ज्यांना माहितीये त्यांनी पुढच्या भागाकडे जा.

पहिली पायरी : बारा महिन्यांची बिलं

बहुतेक लोक सुरुवात उलटी करतात. आधी कोणीतरी एजंट घरी येतो, तो म्हणतो पाच किलोवॅट लावून टाका साहेब, बिल झिरो, आणि मग आपण पैशाचा विचार करत बसतो. तसं करू नका. आधी मागच्या बारा महिन्यांची बिलं काढा, कागद नसतील तर महावितरणच्या ॲपवर ग्राहक क्रमांक टाकून दिसतात. मुंबईत असाल तर तुमची कंपनी वेगळी असेल, बेस्ट, टाटा किंवा अदानी, पण काम तेच.

बिलावर चार गोष्टी बघायच्या. एक, दर महिन्याचे युनिट. रुपये नाही, युनिट. दोन, मंजूर भार, म्हणजे तुमच्या कनेक्शनला किती किलोवॅट मंजूर आहेत. तीन, सिंगल फेज आहे की थ्री फेज. आणि चार, बिल कोणाच्या नावावर आहे. ही चौथी गोष्ट कोणी बघत नाही आणि नेमकं तिथेच अडकतं. आमचं बिल बाबांच्या नावावर होतं, बाबा जाऊन सात वर्षं झालेली, नाव बदलायचं माझ्याकडून राहूनच गेलं होतं. सबसिडी बिलाच्या मालकाच्या खात्यात येते, त्यामुळे आधी नाव बदलावं लागलं, मृत्यूचा दाखला, घरटॅक्सची पावती, बहिणीचं संमतीपत्र, यात दोन महिने गेले. तुमच्याकडे असं असेल तर हे काम आजच सुरू करा, बाकी सगळं नंतर.

विदर्भात राहणाऱ्यांनी अजून एक बघा. आपलं बिल वर्षभर सारखं नसतं. आमचं डिसेंबरला १३० युनिट आणि मे महिन्यात ४१०, कारण मार्च ते जून कूलर बंदच होत नाही. म्हणून एकाच महिन्याचं बिल दाखवून सोलरची साईझ ठरवू नका, वर्षाची बेरीज करा. आमची २८५० आली होती.

दुसरी पायरी : गळणारी बादली आधी बुजवा

सोलर लावायच्या आधी घरातला फालतू खर्च कमी करा, कारण वाचवलेलं युनिट सोलरच्या युनिटपेक्षा स्वस्त पडतं. सगळ्यात मोठा फरक पंख्याचा आहे. जुना पंखा ७५ वॅटच्या आसपास खातो, बीएलडीसी पंखा, म्हणजे बिनब्रशच्या मोटरचा, तितकीच हवा ३० वॅटमध्ये देतो. रोज बारा तास चालवला तर महिन्याला एका पंख्यामागे सोळा युनिट वाचतात. आमचे चार पंखे बदलले, उन्हाळ्यात महिन्याला साठ-पासष्ट युनिट कमी झाले. रिमोट मिळतो म्हणून आई आधी कुरकुरली, आता तोच रिमोट उशाखाली ठेवून झोपते.

मग गिझर. दोन किलोवॅटचा गिझर अर्धा तास म्हणजे एक युनिट, आणि घरात चार जण एकामागून एक आंघोळ करणारे असतील तर तो अर्धा तास कधीच अर्धा तास राहत नाही. गच्चीवर जागा असेल तर सोलर वॉटर हीटर वेगळा लावा, पाणी तापवायला वीज जाळण्यापेक्षा थेट उन्हाने तापवणं कधीही सरस. पंधरा वर्षं जुना फ्रिज असेल तर त्याचाही विचार करा. एलईडी तर आता सगळ्यांकडे आहेतच.

कूलर मात्र बदलू नका म्हणेन मी. कोरड्या हवेत कूलरसारखं काही नाही, मोटर आणि पंप मिळून दोनशे वॅटच्या आसपास, म्हणजे बारा तासात अडीच युनिटसुद्धा नाही. त्या जागी दीड टनाचा एसी आठ तास चालला तर आठ-दहा युनिट सहज जातात. सोलर लागलं की लोक लगेच एसी घेतात, फुकट वीज आहे म्हणून, आणि वर्षभरात बिल होतं तिथे येऊन थांबतं. एसी घ्यायचाच असेल तर तो हिशोबात आधी धरा.

तिसरी पायरी : किती किलोवॅट?

सोपा हिशोब सांगतो. महाराष्ट्रात १ किलोवॅट सोलर दिवसाला सरासरी चार युनिटच्या थोडं खाली देतं, वर्षाला धरा १३०० ते १४००. तर तुमच्या वर्षाच्या युनिटांना १३०० ने भागा. आमच्या २८५० ला भागलं तर २.२ आले. आम्ही ३ घेतलं, कारण ई-स्कूटर घ्यायची ठरली होती आणि स्वयंपाकाला इंडक्शन आणायचं होतं. स्कूटरचं फार काही नसतं बरं का, बॅटरी ३ युनिटची, त्यात गावातले तीन-चार दिवस निघतात.

जास्तीचं लावलं तर काय बिघडलं, असं बरेच जण विचारतात. बिघडत नाही, पण पैसे अडकतात. तुम्ही जी जास्तीची वीज ग्रीडला, म्हणजे वीज कंपनीच्या लाईनला, देता ती युनिटला युनिट पुढच्या महिन्यात वळती होते, पण ३१ मार्चला खातं बंद होतं. त्या दिवशी शिल्लक राहिलेले युनिट कंपनी वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने विकत घेते, आणि तो दर तुम्ही एरवी भरता त्यापेक्षा बराच कमी असतो. म्हणजे गरजेपेक्षा मोठं सोलर लावून धंदा होत नाही. आणि सबसिडी पण ३ किलोवॅटच्या पुढे वाढत नाही.

उलट बाजू पण सांगायला हवी. आपल्याकडे बिलाचे टप्पे आहेत, ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्याच्या वर. पहिल्या शंभरच्या आणि त्याच्या पुढच्या दरात जवळजवळ दुपटीचा फरक पडतो. सोलर आधी तुमचे वरचे, महागडे युनिट खातं. त्यामुळे ज्यांचं बिल महिन्याला २०० युनिटच्या वर आहे त्यांचे पैसे लवकर वसूल होतात आणि ज्यांचं ६०-७० युनिटच आहे त्यांचे होत नाहीत. अशा घराला मी कधीच कर्ज काढून ३ किलोवॅट लावा म्हणणार नाही, १ किलोवॅट पुरेसं आहे, आणि दारिद्र्यरेषेखालच्या आणि शंभर युनिटच्या आतल्या घरांना राज्य सरकारने वर थोडी जास्तीची सबसिडी पण ठेवलीय, ती मिळते का ते आधी विचारा.

चौथी पायरी : छत बघा, आणि सावली तर नक्कीच बघा

१ किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट मोकळी जागा लागते. आजकाल ५४० वॅटच्या आसपासचं पॅनल मिळतं, साडेसात फूट लांब, पावणेचार फूट रुंद, वजन २७-२८ किलो. ३ किलोवॅटला अशी सहा पॅनल.

जागेपेक्षा सावली महत्त्वाची. पॅनल एकामागे एक माळेसारखे जोडलेले असतात, त्यामुळे एका पॅनलवर पाण्याच्या टाकीची सावली पडली तर सगळ्या माळेवर परिणाम होतो. सावली तपासायची तर डिसेंबरमध्ये तपासा, तेव्हा सूर्य दक्षिणेला खाली असतो आणि सावल्या सगळ्यात लांब. सकाळी नऊला, दुपारी बाराला आणि तीनला वर जाऊन मोबाईलवर फोटो काढून ठेवा. मे महिन्यात सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा एजंट म्हणेल बघा साहेब कुठेच सावली नाही, आणि डिसेंबरला शेजाऱ्याचा कडुनिंब तुमचे दोन पॅनल झाकेल. झाड तोडू नका, पॅनल सरकवा. आणि शेजारच्या प्लॉटवर उद्या दुसरा मजला चढणार असेल तर त्यांना सरळ विचारून घ्या.

तोंड दक्षिणेकडे, तिरपेपणा आपल्या अक्षांशाइतका, म्हणजे चंद्रपूर-नागपूरला वीस-एकवीस अंश, कोल्हापूरकडे सतराच्या आसपास. दोन-चार अंश इकडे तिकडे झाले तर काही होत नाही. पूर्व-पश्चिम पण चालतं, थोडं कमी मिळतं. उत्तरेकडे मात्र नको.

स्ट्रक्चरबद्दल दोन शब्द जास्त लिहितो कारण इथे लोक पैसे वाचवतात आणि नंतर रडतात. पॅनल पंचवीस वर्षं टिकतात, पण त्याखालचं लोखंड पाच वर्षांत गंजलं तर काय करणार? गरम जस्तात बुडवून काढलेलं गॅल्व्हनाइज्ड स्ट्रक्चरच घ्या, वरून रंग मारलेलं अँगल नको. स्लॅबला भोकं पाडून बोल्ट मारणार असतील तर आधी विचारा की वॉटरप्रूफिंग कोण करून देणार, नाहीतर पहिल्याच पावसात खालची खोली गळते. काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यात पाय पुरणं त्यापेक्षा बरं. आणि उंची! घरातल्या बायकांना विचारल्याशिवाय उंची ठरवू नका. आमच्या आईने सांगितलं की माझ्या कुरड्या-पापडांची जागा गेली तर मी ते सोलर काढून टाकीन, म्हणून आम्ही आठ फूट उंच उभं केलं. खर्च थोडा वाढला, पण खाली सावली झाली, स्लॅब कमी तापतो, वाळवण पुढच्या मोकळ्या भागात होतं, आणि संध्याकाळी तिथे खुर्च्या टाकून बसता येतं. फक्त उंच स्ट्रक्चरवर वारा जास्त घुसतो, तर पायांची संख्या आणि आडवे बांध नीट हवेत.

पाचवी पायरी : ऑन-ग्रिड, ऑफ-ग्रिड की हायब्रिड

नवीन माणसाचा सगळ्यात मोठा गैरसमज इथे होतो म्हणून हे लक्षात ठेवा. साध्या ऑन-ग्रिड सोलरमध्ये बॅटरी नसते, आणि लाईन गेली की तुमचं सोलरसुद्धा बंद पडतं. भर दुपारी, कडक ऊन असताना. हा बिघाड नाही, मुद्दाम तसं केलंय, कारण खांबावर लाईनमन काम करत असेल आणि तुमच्या छतावरची वीज तारेत गेली तर त्याचा जीव जाईल. सोलरचा इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची डीसी वीज घरच्या एसी विजेत बदलणारा डबा, लाईनकडे सतत बघत असतो, ती गेली की लगेच थांबतो. आमच्या समोरच्या काकांना हे कोणी सांगितलंच नव्हतं, पहिल्यांदा लाईन गेली तेव्हा ते सोलर फसवलं म्हणून भांडायला निघाले होते.

तर मग काय घ्यायचं? जिथे वीज दिवसाला तास-दोन तासच जाते तिथे ऑन-ग्रिड घ्या आणि घरात आधीच असलेला बॅटरीचा इन्व्हर्टर तसाच ठेवा. तो लाईन गेल्यावर पंखे-दिवे चालवेल, झालं. हायब्रिडमध्ये बॅटरी जोडता येते, छान आहे, पण बॅटरीमुळे खर्च खूप वाढतो आणि तिचं आयुष्य पॅनलच्या निम्मंही नाही. ऑफ-ग्रिड फक्त जिथे लाईनच पोचत नाही तिथे, शेतातली झोपडी वगैरे. शेतीपंपाचं म्हणाल तर त्याची योजनाच वेगळी आहे, मागेल त्याला सौर कृषी पंप, त्यात खुल्या गटातल्या शेतकऱ्याने १० टक्के भरायचे आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के, अडीच एकरपर्यंत ३ एचपी, पाच एकरपर्यंत ५ एचपी आणि त्यावर साडेसात. रात्री दोनला उठून साप-विंचवात मोटर चालू करायला जाणं ज्याने भोगलंय त्याला दिवसाच्या विजेची किंमत मी सांगायला नको.

सहावी पायरी : पैसे

पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,०००, म्हणजे जास्तीत जास्त ७८,००० रुपये सबसिडी. १० किलोवॅट लावलं तरी ७८,०००च. सरकारने हिशोब धरताना पहिल्या दोन किलोवॅटला पन्नास हजार आणि तिसऱ्याला पंचेचाळीस हजार धरलेत, म्हणजे तीनला १,४५,०००. प्रत्यक्षात बाजारात उंच स्ट्रक्चर, लांब केबल वगैरे धरून ३ किलोवॅटचे पावणेदोन ते दोन लाख सांगतात. सबसिडी जाऊन एक ते सव्वा लाख खिशातून, आणि अडीचशे-तीनशे युनिटवालं घर असेल तर चार ते पाच वर्षांत वसूल. पुढची वीस वर्षं फायद्यात. सप्टेंबर २०२५ पासून सोलरवरचा जीएसटी पण १२ वरून ५ टक्के झालाय, कोटेशन मागाल तेव्हा जुनाच टक्का लावला नाही ना ते बघा.

पैसे नसतील तर सरकारी बँका या योजनेत तारण न घेता कर्ज देतात, व्याज घरकर्जाच्या आसपास किंवा त्याहून कमी. हप्ता आणि वाचणारं बिल शेजारी शेजारी लिहून बघा, बऱ्याचदा जवळपास सारखं येतं.

एक गोष्ट ठामपणे सांगतो. सबसिडी तुमच्या खात्यात येते, सोलर लावून देणाऱ्या वेंडरच्या नाही. आणि ती काम पूर्ण होऊन मीटर लागल्यावर येते. त्यामुळे कोणी म्हणालं की सबसिडी मंजूर करून देतो, आधी पाच हजार फी भरा, तर फोन ठेवून द्या. ओटीपी कोणालाच सांगायचा नाही.

सातवी पायरी : अर्ज आणि वेंडर

पीएम सूर्यघर डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर मोबाईल नंबरने नोंदणी, मग राज्य, वीज कंपनी आणि बिलावरचा ग्राहक क्रमांक. महावितरणचा बारा आकडी असतो. पुढे अर्ज. १० किलोवॅटपर्यंत आता वेगळी तांत्रिक तपासणी लागत नाही, अर्ज मंजूर झाला असंच धरतात, ही मोठी सोय झालीय. मग पोर्टलवर नोंदवलेल्या यादीतून वेंडर निवडायचा. यादीबाहेरच्याकडून लावलं तर सबसिडी नाही.

कमीत कमी तीन कोटेशन घ्या आणि नुसती खालची बेरीज बघू नका. पॅनलची कंपनी कोणती, किती वॅटचं, आणि डीसीआर आहे का? डीसीआर म्हणजे भारतात बनलेल्या सेलचं पॅनल, सबसिडीला तेच लागतं, स्वस्तातलं बाहेरचं लावून दिलं तर तुमचा अर्ज अडकतो. इन्व्हर्टरची कंपनी आणि वॉरंटी किती वर्षांची. स्ट्रक्चरची उंची किती, लोखंड कसलं. अर्थिंग किती, कारण तीन वेगवेगळे खड्डे हवेत, एक एसी करंटचा, एक डीसी करंटचा आणि एक आकाशातली वीज जमिनीत उतरवणाऱ्या वीजरोधकाचा, आणि पैसे वाचवायला एकाच खड्ड्यात तिन्ही तारा टाकणारे पण असतात. आपल्याकडे जूनच्या सुरुवातीला वीजा कशा पडतात ते माहितीये ना, इथे तडजोड करू नका. योजनेत वेंडरने पाच वर्षं देखभाल द्यायची असते, ते करारात लिहून घ्या. आणि ज्याने दोन-तीन वर्षांपूर्वी त्याच वेंडरकडून लावलंय अशा एखाद्याच्या घरी जाऊन या, चहा प्यायला, अर्ध्या तासात सगळं कळतं.

पैसे टप्प्याने द्या. थोडे करारावर, मोठा भाग सामान छतावर पोचल्यावर, आणि शेवटचे मीटर लागून इन्व्हर्टर चालू झाल्यावर. ओळखीतल्या एकाने सगळे आधीच दिले आणि मग नेट मीटर, म्हणजे दोन्ही बाजूंनी मोजणारं मीटर, त्यासाठी त्या माणसामागे चार महिने फिरला.

आठवी पायरी : लावायच्या दिवशी घरी थांबा

सुट्टी काढा. पॅनलच्या मागचे सिरीयल नंबर स्वतः फोटो काढून ठेवा, बिलावर तेच आहेत का बघा. पॅनल उचलताना कोणी त्यावर पाय ठेवून चढत असेल तर तिथेच थांबवा, बाहेरून काच फुटत नाही पण आतल्या सेलला चीर जाते, ती डोळ्याला दिसत नाही आणि दोन वर्षांनी कमी विजेच्या रूपात बाहेर येते. केबल उघड्यावर लोंबकळत ठेवू देऊ नका, पाईपमधूनच घ्या. आमच्याकडे वानरं आहेत, त्यांना लोंबणारी केबल म्हणजे खेळणं.

मुलांना नीट समजावा. सहा पॅनल माळेत जोडले की जवळपास तीनशे व्होल्टचा डीसी करंट असतो, आणि खालून इन्व्हर्टर बंद केला तरी ऊन आहे तोवर वरच्या तारांमध्ये व्होल्टेज राहतं. पतंग अडकला तर काढायला कोणी वर हात घालायचा नाही.

काम झालं की वेंडर फोटोसकट माहिती पोर्टलवर भरतो, मग नेट मीटर बसतं, तपासणी होते, चालू झाल्याचा दाखला येतो, आणि तुम्ही बँकेची माहिती भरली की साधारण महिनाभरात सबसिडी. हे मीटर दोन्ही मोजतं, किती घेतलं आणि किती दिलं. ते बसायच्या आधी सोलर चालू करू नका, जुनं मीटर तुमची दिलेली वीज पण घेतलेली म्हणून मोजू शकतं.

फ्लॅटमध्ये राहता? भाड्याने राहता?

सोसायटीला लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे यासाठी सामाईक सोलर लावता येतं, त्याला किलोवॅटमागे १८,००० सबसिडी आहे. सर्वसाधारण सभेत ठराव लागतो, आणि खरं काम तेच आहे, टेरेस कोणाची यावर वर्षभर भांडण चालतं. सामाईक बिलाचा कागद सगळ्यांच्या हातात दिला आणि दर फ्लॅटमागे महिन्याला किती वाचतं हे लिहिलं की आवाज खाली येतात, हा माझ्या बहिणीच्या सोसायटीतला अनुभव. भाड्याने राहणाऱ्यांनी दुसरी पायरी पुन्हा वाचा, पंखे काढून सोबत नेता येतात.

आणि गावाकडे गुरं असतील तर गोबरगॅस विसरू नका. गुरं नसतील तरी पुण्याच्या आरती संस्थेने खरकटं, पिठूळ, स्टार्च असलेल्या ओल्या कचऱ्यावर चालणारं छोटं बायोगॅस संयंत्र बनवलंय, त्याला २००६ मध्ये ॲशडेन पुरस्कार मिळाला होता. अंगणात मावतं. स्वयंपाकाच्या गॅसचा विचार केल्याशिवाय घरातली ऊर्जा स्वच्छ झाली असं मी म्हणणार नाही.

लागल्यानंतर : बिल आणि झाडपूस

पहिलं बिल आलं की घाबरू नका, ते शून्य येत नाही. स्थिर आकार द्यावाच लागतो. आयात किती, निर्यात किती, पुढे ओढलेले युनिट किती, हे तीन आकडे बघा आणि इन्व्हर्टरच्या ॲपशी जुळवा. ॲपवर सगळी तयार झालेली वीज दिसते, मीटरवर फक्त घरात वापरून उरलेली, त्यामुळे दोन्ही आकडे सारखे येत नाहीत, ही चूक नाही.

पावसाळ्यात उत्पादन पडतं. मार्चमध्ये आमचं रोजचं तेरा-चौदा युनिट, जुलै-ऑगस्टमध्ये पाच ते आठ. आणि मे महिन्यात ऊन भरपूर असूनही वाटतं तितकं मिळत नाही, कारण पॅनलला उजेड हवा असतो, उष्णता नको असते. पॅनलची क्षमता २५ अंशाला मोजलेली असते, आमच्याकडे दुपारी पॅनल ६५-७० अंशाला जातं, आणि दर अंशामागे ०.३५ टक्के धरलं तर पंधरा टक्के तिथेच गेले. टॉपकॉन नावाच्या नव्या प्रकारच्या सेलच्या पॅनलमध्ये ही गळती थोडी कमी असते, विदर्भ-मराठवाड्यातल्या लोकांनी थोडे पैसे जास्त देऊन तेच घ्यावं असं माझं मत आहे.

अजून एक, ज्याबद्दल मला मनापासून वाटतं. नेट मीटरमुळे तुमच्या बिलावर वीज दुपारी वापरली काय आणि रात्री वापरली काय, फार फरक पडत नसेल, पण ग्रीडला पडतो. दुपारी सगळ्यांची छतं वीज देतात आणि सूर्य मावळला की एकदम सगळे दिवे, टीव्ही, एसी लागतात, ती खाच कोणी भरायची? आजही मुख्यतः कोळसाच भरतो. २०२५ च्या मध्यापर्यंत देशातली निम्मी स्थापित क्षमता कोळसा-गॅस सोडून झाली, चांगली बातमी आहे, पण प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत अजूनही मोठा वाटा कोळशाचाच, कारण संध्याकाळ. त्याला उपाय म्हणजे दिवसाची वीज साठवणं. घाटघरला २५० मेगावॅटचा प्रकल्प तेच करतो, वीज जास्त असताना पाणी वर चढवायचं, लागेल तेव्हा खाली सोडून वीज करायची. सह्याद्रीत असं अजून बरंच करता येण्यासारखं आहे, शेवटी १९१५ पासून खोपोलीला पाणी पाडूनच मुंबईच्या गिरण्या चालवल्यात आपण. तोवर आपल्या हातात इतकंच आहे की वॉशिंग मशीन, पंप, इस्त्री, मिक्सर, स्कूटरचं चार्जिंग सकाळी दहा ते चारच्या मधे उरकायचं. आमच्याकडे आता तशी सवय लागलीय, डाळ भिजत घालण्यासारखीच.

धुण्याचं राहिलं. पॅनल सकाळी सूर्य वर यायच्या आधी किंवा संध्याकाळी धुवा, तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका. साबण नको, बोअरचं क्षाराचं पाणी नको, डाग बसतात. मऊ कापड बांधलेला लांब दांडा पुरे. पुण्या-नाशकाला पंधरा दिवसांनी चालेल, आमच्याकडे राख आणि कोळशाची धूळ बसते म्हणून दर रविवारी. पक्ष्याची विष्ठा दिसली तर तशीच ठेवू नका, त्या जागी सेल तापून खराब होतो. इन्व्हर्टर उन्हात लावू नका, आणि कधी काळी पॅनल बदलले तर भंगारवाल्याला देऊ नका, २०२२ च्या ई-कचरा नियमांत सोलर पॅनल पण आलेत, नोंदणीकृत रिसायकलरलाच द्यायचे.

इन्व्हर्टरशेजारी खिळ्याला एक शंभरपानी वही आणि पेन लटकवा. रोज संध्याकाळी स्क्रीनवरचा आकडा आणि शेजारी आभाळ कसं होतं ते एका शब्दात लिहायचं, निरभ्र, ढग, पाऊस. आमच्याकडे हे काम आई करते. लागोपाठ दोन निरभ्र दिवस आकडा नेहमीपेक्षा दोन युनिटने कमी आला की ती मला रविवारची वाट बघू देत नाही, बादली आणि दांडा जिन्यात आणून ठेवते.